टेकच्या चौसष्ट जुड्या

टेक या इंग्रजी क्रियापदाचे मला चौसष्ट अर्थ पाठ आहेत. आजही. झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवीन. या गोष्टीचा मला आधी फार अभिमान होता, मग पुष्कळ वर्षं फार राग होता, आणि आता म्हातारपणी राग धरायलाही दम लागतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मेहकरच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे जे गुरुजी होते, त्यांचा एक सिद्धांत होता. गेट, टेक, पुट, मेक आणि गो ही पाच क्रियापदं ज्यानं कोळून प्यायली त्यानं इंग्रजी जिंकली, बाकी सगळा पालापाचोळा. त्यांनी स्वतः टेकचे चाळीस अर्थ जमवले होते. मी चौसष्टवर नेले. शाळेत एकच जाड शब्दकोश होता, पहिली पन्नासेक पानं गेलेला, आणि तो शनिवारी घरी न्यायची परवानगी फक्त मला होती. शनिवारी दुपारी तो कापडात गुंडाळून मी लोणारला यायचो आणि सोमवारी पहाटे परत न्यायचो. गुरुजींनी वर्गासमोर माझी पाठ थोपटली होती. ती थाप मला बाधली, असं आज वाटतं.

आमचा भाजीचा मळा लोणारच्या बाहेर, तळ्याकडं उतरणाऱ्या वाटेवर. दीड एकर, एक विहीर आणि मळ्यातच मातीचं घर. घरात आम्ही तिघं: बाबा, अक्का आणि मी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि अक्का अकरा. अक्कानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, कारण तेव्हा तिला माझं तोंड धुवायचं असायचं. पुढं तिला स्थळं यायला लागली, तर तिनं बाबांना सांगितलं की भाऊ मॅट्रिक होईपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही. आमच्यात मुलगी एवढी थांबवून ठेवत नसत. लोक बाबांना बोलायचे. बाबा ऐकून घ्यायचे.

शनिवारी संध्याकाळी अक्का दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसायची. मी तिच्यासमोर बसून टेक पाठ करायचो. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा वही धरून ती काय तपासणार? पण तिनं आपली एक रीत काढली. मी एक अर्थ म्हटला की ती एक जुडी बांधून बाजूला ठेवायची. शेवटी जुड्या मोजायची. चौसष्ट भरल्या तर गूळ-शेंगदाणे. नाही भरल्या तर तिचा ठरलेला शेरा असे, "साठच झाल्या भाऊ. चार गिळले तू. पुन्ना म्हन."

आणि मी पुन्हा म्हणायचो. टेक म्हणजे घेणे. टेक म्हणजे नेणे. टेक टी म्हणजे चहा पिणे. टेक ऑफ म्हणजे टोपी काढणे. टेक फोटो म्हणजे फोटो काढणे. टेक इल म्हणजे आजारी पडणे. टेक आफ्टर म्हणजे आईबापावर जाणे. टेक टाइम म्हणजे वेळ लागणे.

एकदा ती हसायलाच लागली. "च्या पेयाले बी टेक, टोपी काढाले बी टेक, बिमार पडाले बी टेक! सायबाच्या घरी शब्दाइचा दुष्काळ हाय का बे?"

मी चिडलो. इंग्रजीचा अपमान मला सहन होत नसे. मी म्हणालो, "हे भाषेचं वैभव आहे. एका शब्दात चौसष्ट अर्थ. आपल्या मराठीत आहे असा एक तरी शब्द?"

तिनं जुडीला अंबाडीचा वाख गुंडाळत थोडा विचार केला. मग म्हणाली, "लागनं." आणि एकेक जुडी बाजूला ठेवत सुरू झाली. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. नाद लागतो. डोळा लागतो. रस्त्यात गाव लागतं. मामा नात्यानं लागतो. झाडाले आंबे लागतात, दूध बुडाशी लागतं, बोललेलं मनाले लागतं. अशा सत्तावीस जुड्या झाल्या आणि कोथिंबीर संपली. पुस्तक नाही, शब्दकोश नाही, गुरुजी नाहीत. मी तिला म्हणालो, हे काही खरं नाही, हे व्याकरणात बसत नाही. माझा स्वभावच तसा होता. हरलो की व्याकरण काढायचं.

मॅट्रिकच्या पेपरात टेकवर एकच प्रश्न आला, तोही दोन मार्कांचा. पण मी पास झालो, आणि इंग्रजीत इतके गुण मिळाले की बाबांनी गावात पेढे वाटले. तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शाळा निघत होत्या आणि मास्तर मिळत नव्हते. लोणारच्याच शाळेत मला इंग्रजीचा मास्तर म्हणून घेतलं. मी कोट शिवला. बाबा मला मास्तर म्हणायला लागले, अर्धं थट्टेनं आणि अर्धं मनापासून. अक्काचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, सुलतानपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात.

तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मून दोन दिवसांनी गेलं. सासरचे वाईट नव्हते, पण त्यांच्याही घरात बोलणारी तोंडं होती. तिसऱ्या खेपेला तिला माहेरी पोहोचवताना तिच्या सासऱ्यांनी बाबांना ओसरीवर बसून स्पष्ट सांगितलं, "पाव्हनं, यंदा पोरगं घिऊन आली तं ठीक. नाई तं आमाले पोराचं दुसरं पाहा लागंन." एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा तेव्हा झाला होता म्हणतात, पण खेड्यात त्याला कोण विचारतो? अक्का आत चुलीपाशी बसून हे ऐकत होती. बाहेर येऊन तिनं सासऱ्यांना चहा दिला. रात्रभर मला राग राग आला आणि सकाळी उठून मी शाळेत गेलो.

त्याच हिवाळ्यात गोऱ्या कातडीचे साहेब आले. दोघं होते. लोणारचं तळं आकाशातून पडलेल्या दगडानं झालं की जमिनीच्या पोटातल्या आगीनं, हे शोधायला ते परदेशातून आले होते. मेहकरच्या डाक बंगल्यात उतरायचे, सकाळी जीपनं यायचे, दिवसभर खाली तळ्याकाठी हातोड्यांनी दगड फोडायचे आणि दिवस मावळायच्या आत परत मेहकरला जायचे. त्यांची जीप आमच्याच मळ्याच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली उभी असे. तिचा ड्रायव्हर अकोल्याकडचा, आपल्यासारखाच बोलणारा माणूस. तो समोरच्या हॉटेलात चहा पीत दिवस काढायचा आणि येता-जाता बाबांकडून मुळे घ्यायचा.

पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी मला पुढं केलं. "जा, आपले इंग्रजीचे मास्तर म्हणून ओळख करून द्या." अर्धं गाव माझ्या मागं. थोरल्या साहेबानं माझा हात हातात घेतला आणि तो बोलू लागला. मला एक शब्द कळला नाही. खरं सांगतो, एकही नाही. मी आयुष्यात इंग्रजी फक्त डोळ्यांनी वाचली होती आणि गुरुजींच्या तोंडून ऐकली होती, आणि गुरुजींनी ती त्यांच्या गुरुजींच्या तोंडून ऐकली होती. साहेबाचं बोलणं नाकातून निघायचं आणि मधेच कुठं तरी विरायचं. मी म्हणालो, "यस सर." तो आणखी बोलला. मी म्हणालो, "थँक यू सर." तो खूश झाला, त्यानं माझा फोटो काढला आणि ते दोघं खाली उतरून गेले.

गावात डंका पिटला गेला. मास्तर सायबासंग इंग्रजीत बोलते! हॉटेलवाल्यानं त्या दिवशी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. एक शब्द कळला नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर साहेब वर यायच्या वेळेला मी काही ना काही काम काढून घरात बसायचो.

अक्काच्या कळा सुरू झाल्या त्या एका रविवारी सकाळी. सुईण शेजारचीच होती, आम्हा दोघांनाही तिनंच जगात आणलं होतं. दुपार कलली तेव्हा ती हात पुसत बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "मूल आडवं हाय. माह्या हातचं नाई हे. मेहकरले न्या, सरकारी दवाखान्यात. लवकर न्या."

न्या. नेणे. टेक, अर्थ क्रमांक दोन. हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं, खोटं सांगत नाही. माणसाचं डोकं नको तिथं नको ते काढतं.

दुपारची एस.टी. गेली होती. पुढची सकाळी. बैलगाडीनं मेहकर म्हणजे पहाट होणार. बाबांची नजर एकदम लिंबाकडं गेली. जीप उभी होती. ती आज संध्याकाळी मेहकरलाच जाणार होती, रोजच जायची. मागची बाकडी रिकामी असायची, वर दगडांच्या दोन-चार पिशव्या. बाबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "डायवर हाटेलात बसेल हाय. मी जाऊन त्याले सांगतो."

आणि मी बाबांच्या आडवा आलो.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "ड्रायव्हरला विचारून काय होतं? गाडी साहेबाची आहे. साहेबाला रीतसर विचारायला पाहिजे. गावात इंग्रजीचा मास्तर असताना तुम्ही ड्रायव्हरच्या पाया पडणार? माझी शोभा करू नका." हे वरचं कारण. खरं कारण असं, की ड्रायव्हर म्हणाला असता, चला मास्तर, साहेबांशी तुम्हीच बोला, तुम्हाला तर येतं. आणि मग हॉटेलातल्या वीस माणसांसमोर मूठ उघडली असती.

आतून अक्काचा आवाज आला. कळ ओसरली की तिला बोलता येत होतं. "भाऊ, डायवरलेच सांग ना रे. आपलाच मानूस हाय तो."

"तू गप पड," मी ओरडलो. "तुला यातलं काय समजतं?"

आत तिला पुढची कळ आली.

बोलायचं नाही तर काय करायचं? अर्ज. आमच्या भागात कुठलंही काम अडलं की माणूस अर्ज करतो. विहिरीचा अर्ज, रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज. इंग्रजीत मला खरोखर येत होतं असं काही असेल तर ते अर्ज लिहिणं. मॅट्रिकला मी पंधरा नमुने पाठ केले होते. तेव्हा साहेब वर आले की अदबीनं त्यांच्या हातात अर्ज द्यायचा, ते वाचतील, मान हलवतील, काम होईल. बोलायचा प्रश्नच नाही. माझ्या या युक्तीवर मी स्वतःच खूश झालो.

मी ट्रंकेवर कागद मांडला. ट्रंक डगमगत होती, म्हणून दौत धरून बाबा शेजारी उभे राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण पोरगा शिकलेला, तो लिहितो आहे म्हणजे बरोबरच असणार. ते मधूनमधून दारातून लिंबाकडं बघत होते आणि दौत मात्र सरळ धरून होते.

मी लिहिलं, रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट. इथपर्यंत झरझर आलं. मग पहिलं वाक्य सुचलं: प्लीज टेक माय सिस्टर टू मेहकर. बस, एवढंच. पुढं ते मी पाचवीच्या पोरांना शिकवलं. ते वाक्य बरोबर होतं. ते तसंच नेलं असतं तर.

पण ते मला हलकं वाटलं. टेक! टेक म्हणजे पोत्याला हात लावून उचल म्हटल्यासारखं. ज्या साहेबानं माझ्याशी हस्तांदोलन केलं, फोटो काढला, त्याला मी टेक म्हणू? गावठी दिसेल. मी ते खोडलं. त्या ठिकाणी कॅरी घातलं. कॅरी म्हणजे वाहून नेणे, म्हणजे हमाल. साहेबाला हमाल म्हटल्यासारखं होईल. खोडलं. ब्रिंग तर उलट, ते आणणं. फेच म्हणजे जाऊन आणणं. ट्रान्सपोर्ट एस.टी.च्या गाडीवर लिहिलेलं असतं. कंडक्ट म्हटलं की कंडक्टर आठवतो. रिमूव्ह हा शब्द सामानाला लावतात आणि शब्दकोशात त्याच्याखाली मुडद्याचं उदाहरण होतं. तो मनात आला तसा मी झटकून टाकला. शेवटी कन्व्हे सापडला, म्हणजे पोहोचवणे. भारदस्त होता. पण माझ्या मनात आलं, कन्व्हे तर निरोप करतात. माणूस करतात का? लोणारच्या शाळेचा शब्दकोश कपाटात होता आणि किल्ली हेडमास्तरांकडं.

"झालं का मास्तर?" बाबांनी विचारलं.

"झालंच," मी म्हणालो.

आत अक्का ओरडत नव्हती. सुईण तिला धीर देत होती आणि मधेच एक लांबट हुंकार यायचा, बस. मी कन्व्हेवर पक्का झालो. पण तोवर कागदाची रांगोळी झाली होती. खाडाखोड असलेला अर्ज आमच्याकडं कुणी घेत नाही. बाबांचा विहिरीचा अर्ज तहसीलमधल्या कारकुनानं एका खोडलेल्या आकड्यासाठी परत दिला होता, आणि बाबा तेवढ्यासाठी पुन्हा मेहकरपर्यंत एवढी वाट तुडवून गेले होते. ते आम्ही दोघंही विसरलो नव्हतो. मी नवा कागद काढला आणि फेअर करायला बसलो. समास सोडला. उजवीकडं गाव आणि तारीख. मधोमध विषय. शेवटी युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट. टाक अडकला आणि तिसऱ्या ओळीवर डाग पडला. तिसरा कागद काढला. बाबांनी दौत या हातातून त्या हातात घेतली.

तिसरा कागद सुंदर उतरला. एकही खोड नाही. मी त्यावर चुलीतली राख भुरभुरली, शाई सुकवली, घडी घातली. मग अंगावर कोट चढवला, कारण बिनकोटाचं साहेबापुढं कसं जायचं? गुंड्या लावत असतानाच जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

साहेब त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर वर आले होते.

मी धावलो. हातात अर्ज, पायात एकच चप्पल. जीप वळून रस्त्याला लागली होती. मी ओरडलो, "थांबा! ओ थांबा!" चौसष्ट अर्थांतला एकही तोंडातून निघाला नाही, इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. थोरल्या साहेबानं मागं वळून पाहिलं. त्याला मी दिसलो, कोट घातलेला, हातातला पांढरा कागद हलवणारा इंग्रजीचा मास्तर. निरोप द्यायला आलोय असं त्याला वाटलं असणार. त्यानं हसून हात हलवला. जीप गेली. मागची बाकडी रिकामी होती, ती मला लांबपर्यंत दिसत राहिली.

बाबा मळ्याच्या बांधावर उभे होते. हातात दौत तशीच. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. शेजाऱ्याची बैलगाडी आणायला ते तडक वळले.

मेहकरला पोहोचेपर्यंत उजाडलं. वाटेतलं मी सांगणार नाही. दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं आणि अक्का वाचली. मूल मुलगा होता. तो आधीच गेला होता. मी नर्सबाईंना विचारलं, काल संध्याकाळी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "आता विचारून काय उपयोग?" त्यांचं खरंच होतं, पण मी आजवर विचारतोच आहे.

चार दिवसांनी ड्रायव्हर मळ्यात आला, मुळे घ्यायला. त्याला हकीकत कळली होती. तो चिडलेला नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला, "मास्तर, मले कोनी एक शब्द बोललं असतं ना, मी साहेबाले न इचारता बाईले घिऊन गेलो असतो अन् परत येऊन उभा राह्यलो असतो. साहेब काई म्हनत नाई. लई देवमानूस हाय." मी त्याला मुळे फुकट दिले. त्यानं घेतले नाहीत.

सासरचे सव्वा महिन्यानंतर अक्काला न्यायला यायचे, ते आले नाहीत. बाबा दोनदा जाऊन आले. उन्हाळ्यात कळलं की त्यांनी दुसरी केली. अक्काची लुगडी आणि पितळी डबा त्यांनी एका पाहुण्यासोबत परत पाठवला. ती मळ्यात राहिली ती कायमची. तण काढायची, वांगी तोडायची, बाजाराला जायची. तिनं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. तिनं भांडावं, दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणून मी उगाच तिच्यावर चिडून पाहायचो. ती म्हणायची, "जेव आधी, मंग चीड."

पुढच्या वर्षीपासून मी वर्गात टेकचे चारच अर्थ शिकवायला लागलो. हेडमास्तरांनी विचारलं तर सांगितलं, पोरांना झेपत नाही.

बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीत अक्का ती ट्रंक झाडत होती. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. तिला तळाशी तो कागद सापडला. टाकून द्यायचं मला धैर्य झालं नव्हतं. तिनं तो उजेडात धरला, उलटा. मग नीट धरला. वाचता येत नसलं तरी इंग्रजी कुठली बाजू वर ते तिला माझ्यामुळं समजत होतं.

"हे तेच का रे?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"वाचून दाखव. इंग्रजीतच वाच."

मी वाचलं. आय बेग टू स्टेटपासून ओबिडियंट सर्व्हंटपर्यंत. ती बाहेर येऊन बसली, मांडीशी कोथिंबिरीचा भारा ओढला आणि जुड्या बांधत ऐकत राहिली, पूर्वी ऐकायची तशी. मी संपवल्यावर म्हणाली, "अन् आता मराठीत सांग." मी सांगितलं. माझी थोरली बहीण अडचणीत आहे, तिनं मला आईच्या मायेनं वाढवलं आहे, कृपा करून आपण तिला मेहकरच्या दवाखान्यात पोहोचवावं, मी आपला जन्माचा ऋणी राहीन.

तिचे डोळे भरले. "किती गोड लिव्हलं रे भाऊ," ती म्हणाली. "मंग देलं काऊन नाई?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखर ठाऊक नव्हतं. ती तेव्हा आत होती, तिला फक्त जीप गेल्याचा आवाज आला होता. बाबांनी तिला काही सांगितलं नव्हतं, आणि मी तर नव्हतंच.

मी म्हणालो, "फेअर करत होतो, अक्का."

"मंजे?"

"म्हणजे... तेच पुन्हा लिहीत होतो. चांगल्या अक्षरात."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. तिनं कागद माझ्याकडून घेतला, पदराला हात पुसून घेतला, आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. आणि वाख घेऊन पुढची जुडी बांधायला लागली.